चार शब्दांची रिकामी जागा

घनश्याम गुरुजी शुद्धलेखन घालू लागले म्हणजे शाळेतल्या घड्याळाला आपल्या चालीविषयी शंका येत असेल, असे गावातले लोक थट्टेने म्हणत. आणि थट्टेचा भाग वगळला तर त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. मिनिटाला पंधरा शब्द हा त्यांचा नेम. शब्द सोपा असो की अवघड, वाक्य दोन ओळींचे असो की अर्ध्या पानाचे, चार सेकंदांना एक शब्द याप्रमाणे ते जुन्या गद्यातला उतारा सांगत जात, आणि एकदा आरंभलेले वाक्य पूर्णविरामापर्यंत पोचवल्यावाचून थांबणे त्यांना ठाऊक नव्हते. एकदा वर्गात विंचू निघाला. तेव्हा त्यांनी मुलांना पाय वर घेण्याची खूण हाताने केली, तोंडाने वाक्य पुरे केले, आणि मग विंचू मारला.

गाव पांढरकवड्याहून चार कोसांवर, नागपूर-हैदराबाद सडकेला लागून होते. शाळा जनपदाची, म्हणजे स्थानिक मंडळाची, चौथीपर्यंतची. नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरून तिथे सात मुले येत, आणि त्या सातांत मुलगी एकच: देवसिंगाची भुरी. वय दहा. घरी गोरबोली, बाजारात वऱ्हाडी, आणि शाळेत गुरुजींची ग्रंथस्थ मराठी, अशा तीन बोलींतून ती अडखळल्यावाचून ये-जा करी. तिचे अक्षर असे होते की गुरुजींनी एकदा तिची वही घरी नेऊन पत्नीला, इंदुताईंना, दाखवली होती.

आणि हीच भुरी शुद्धलेखनात शब्द गाळी. गाळी म्हणजे कठीण शब्द चुकवी असे नव्हे. 'अनिर्वचनीय' ती अचूक लिही, त्यापुढचे तीन-चार साधे शब्द नाहीसे होत, त्या जागी टाक टेकून राहिल्याने शाईचा मोठा डाग पडलेला असे, आणि डागापुढे पुन्हा 'औदासीन्य' अचूक. साठ सालच्या जुलैपासून हे चालले होते. गुरुजींनी त्याचा शास्त्रशुद्ध विचार केला. जिला अवघड शब्द येतात तिला सोपे येत असलेच पाहिजेत. जे येते ते न लिहिणे ही चूक नव्हे, कृती होय. आणि कृतीमागे हेतू असतोच. सबब मुलगी उर्मट आहे. हा निष्कर्ष त्यांना इतका निर्दोष वाटला की त्यांनी प्रत्येक डागाशेजारी तांबड्या शाईने तारखेसह 'हेतुपुरस्सर गाळले' असा शेरा लिहिण्यास आरंभ केला. विचारले तर ती म्हणे, "तुम्ही ते बोललेच नाही, गुरुजी." हे ऐकून तर त्यांचा संताप अनावर होई, कारण आपण बोललो नाही, हा आरोप त्यांच्यावर आजवर कुणी केला नव्हता.

छडी झाली. वर्गाबाहेर उभे करणे झाले. नोव्हेंबरात एके दिवशी त्यांनी तिला बाकावर उभे केले. ती बाकावरून खाली आली आणि कपाळ भिंतीच्या कोनाड्यावर आपटले. टेंगूळ आले, रक्त नाही. "घरी सांगण्यासारखे काही झालेले नाही," असे गुरुजी म्हणाले, आणि भुरीने ते आज्ञेसारखे पाळले.

फेब्रुवारीत तपासनीस साहेबांची परीक्षा जवळ आली. गुरुजींच्या चौथीतून सलग अकरा वर्षे एकही मूल नापास झालेले नव्हते. भुरी मधूनच कुठेतरी पाहत राही, आणि गणिताचा कागद अर्धा कोरा देई. गुरुजींनी देवसिंगाला बोलावून सांगितले की मुलीला काढून घेणे बरे. आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात लिहिले: 'मंदबुद्धी. शिक्षणास अपात्र.' देवसिंगाला वाचता येत नव्हते. त्याने तो कागद तांड्याच्या नायकाकडून, हिरासिंगाकडून, वाचून घेतला, आणि हिरासिंगाच्या ओट्यावर तेव्हा बसलेल्या वीस माणसांनी तो ऐकला.

चौथीचा निकाल त्या वर्षीही शंभर टक्के लागला.

मे महिन्याच्या अखेरीस देवसिंग शाळेमागच्या गुरुजींच्या घरी आला. पायऱ्यांखालीच उभा राहून म्हणाला, "गुरुजी, एक चिठ्ठी पायजे. पांढरकवड्याच्या दवाखान्यात लवकर घेत नाही बिनचिठ्ठीचं."

"कुणासाठी?"

"भुरीसाठी. हात जयला तिचा. शाळा सुटली तवापासून तिची याडी, माही बायको धनी, तिले चुलीजवळ बसवते. भाकर टाकून राह्यली होती. तिच्या याडीनं पाह्यलं तं डावा हात विस्तवात."

"म्हणजे पडली?"

"पडली नाही ना! बसून होती. हात विस्तवात अन् डोये भलतीकडंच. धनी ओरडली, तरी हात काढंना. मंग धनीनंच वढला. तवा रडाले लागली. दोन बोटं चिकटली, गुरुजी."

गुरुजींनी विचारले, "किती वेळ?"

"काय?"

"हात विस्तवात किती वेळ होता?"

"आता कोन मोजते? धनी म्हणे, दोन हाका मारून उठून येवोस्तोवर."

म्हणजे बारा ते सोळा सेकंद. तीन किंवा चार शब्द. गुरुजी चिठ्ठी लिहू लागले, परंतु त्यांच्या हातून पहिल्याच ओळीत शाई सांडली. उर्मटपणाने मनुष्य काय काय करील याची कल्पना त्यांना होती. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी उर्मटपणाचे नाना प्रकार पाहिले होते. पण गुरूला खिजवण्यासाठी विस्तवात हात धरणारे मूल त्यांनी पाहिले नव्हते, आणि चुलीपाशी तर खिजवायला गुरूही नव्हता. त्यांचा निर्दोष निष्कर्ष त्या पायऱ्यांवर मोडून पडला. मोडताना त्याने आवाजही केला नाही.

देवसिंग गेल्यावर त्यांनी कपाट उघडून भुरीच्या वह्या काढल्या. शुद्धलेखनाच्या वह्या दोन वर्षे शाळेतच ठेवायच्या, हा त्यांचाच नियम होता. इंदुताई कंदिलाची काच पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"ह्या वहीत तुम्ही लिहून ठेवलं, पोट्टी मुद्दाम करते. म्हंजे लई चलाख. अन् दाखल्यावर लिहून देल्लं, पोट्टी बुद्धीनं कमी. मंग हे दोन्ही खरं कसं काय होते, बाप्पा? तुम्ही तं मले रोज तर्कशास्त्र शिकवता."

गुरुजींना उत्तर होते, परंतु ते उच्चारण्याजोगे नव्हते. दोन्ही खरे नव्हते. दुसरे तर लिहिताना त्यांचे त्यांनाच ठाऊक होते की खरे नव्हे. ते निकालासाठी लिहिले होते.

पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी हाताची मलमपट्टी केली, सारी हकीकत ऐकली आणि सांगितले की हे आपल्या आवाक्यातले नाही. नागपूरच्या मनोरुग्णालयात बाहेरचे रोगी तपासतात, तिथे मुलीची नीट, सर्व बाजूंनी तपासणी व्हावी. त्यासाठी त्यांनी पत्रही दिले. ते पत्र घेऊन गुरुजी प्रथमच नाला ओलांडून तांड्यावर गेले. धनीबाईने, भुरीच्या आईने, त्यांना बसायला घोंगडी टाकली, आणि नागपूरचे नाव काढताच ती उठून उभी राहिली.

"पागलखान्यात? माही पोर? अन् मंग तिले करून घेईन कोन, गुरुजी? तुमच्या एका कागदानं तांड्यातले पोट्टे तिले येडी म्हनून राह्यले. आता सरकारी शिक्का आनता का त्याच्यावर?"

"शिक्का आणायला नव्हे, धनीबाई. माझा शिक्का पुसायला. मी वैद्य नव्हतो, तरी लिहिले. जो वैद्य आहे त्याला पाहू द्या. तो मी लिहिले तेच म्हणाला, तर मी तुमच्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही."

"अन् दुसरं म्हनला तं?"

"तर मला यावेच लागेल."

धनीबाई नवऱ्याला गोरबोलीत काहीतरी म्हणाली. देवसिंगाने त्याचे भाषांतर केले नाही, पण तिसऱ्या दिवशी तो भुरीला घेऊन सडकेवर मोटारीची वाट पाहत उभा होता.

नागपुरास गुरुजी आणि ते बापलेक सीताबर्डीच्या एका धर्मशाळेत उतरले. तपासणी दोन दिवस चालली. डॉक्टर साठीकडे झुकलेले, मंद आवाजाचे गृहस्थ होते, आणि कुणाचेही वाक्य तोडत नसत. पहिल्या दिवशी त्यांनी दोघा पुरुषांना व्हरांड्यात बसवून भुरीशी एकटीशी दोन तास घालवले. तिला रंगीत लाकडी ठोकळे मांडायला दिले, आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रे दाखवून गोष्टी सांगायला लावल्या. भुरी बाहेर आली ती हसत. "तेईनं मले एकबी शब्द लिहाले नाही लावला," असे तिने बापाला सांगितले. ते ऐकून गुरुजी आपल्या पायांतल्या वहाणांकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना आत बोलावले. भुरीच्या नाकासमोर कागदाची एक पट्टी धरली आणि ती सारखी हलत राहील अशी जोरजोराने फुंकर घालत राहा, असे सांगितले. भुरीला हा खेळ वाटला. दोन मिनिटे पट्टी फडफडली, आणि मग थांबली. भुरीचे डोळे उघडे होते, पापण्या किंचित लवत होत्या, ओठ काही चघळल्यासारखे हलत होते. डॉक्टर स्पष्ट आवाजात म्हणाले, "हत्ती." हातातल्या घड्याळावरून त्यांची नजर हलली नाही. चौदा सेकंदांनी भुरीने पट्टीवर पुन्हा फुंकर घातली, जणू मध्ये काही झालेच नव्हते.

"मी आता कोणत्या प्राण्याचे नाव घेतले?"

"तुम्ही ते बोललेच नाही," भुरी म्हणाली.

खोलीत ते वाक्य पूर्वी ऐकलेला मनुष्य एकच होता.

डॉक्टरांनी भुरीला परिचारिकेबरोबर बाहेर पाठवले, आणि हकीकतीचा कागद पुढे ओढला. जन्माच्या वेळी काही त्रास? नाही. मोठा ताप? नाही. घराण्यात फिट येणारे कुणी? धनीचा एक काका, देवसिंगाने सांगितले. "डोक्याला कधी मार लागला होता?"

"नाही, साहेब," देवसिंग म्हणाला.

लेखणी 'नाही' लिहिण्यासाठी कागदावर टेकली. गुरुजींच्या वादपटू मनाने त्या एका क्षणात त्यांना तीन युक्तिवाद पुरवले: टेंगूळ क्षुल्लक होते, तपासणी मुलीची आहे, शिक्षकाची नव्हे, आणि बापासमोर बोलल्याने औषधोपचारास मदत होण्याऐवजी तंटाच होईल. तिन्ही सुबक होते. आपले सुबक युक्तिवाद कुठे नेतात हे त्यांनी नुकतेच पाहिले होते.

"लागला होता," ते म्हणाले. "नोव्हेंबरात. मी तिला बाकावर उभे केले होते. शिक्षा म्हणून. ती पडली, कपाळ आपटले. घरी सांगू नकोस असे मी सुचवले. त्याआधी चार महिने मी तिला छडीही मारत होतो. आणि हे पाहा." त्यांनी पिशवीतून वह्या काढून टेबलावर ठेवल्या. "हे मी तिच्याविरुद्ध जमवलेले पुरावे आहेत."

देवसिंगाने मान वळवली नाही. तो समोरच्या भिंतीकडे पाहत राहिला.

डॉक्टरांनी वह्या चाळल्या. एका डागावर बोट ठेवून विचारले, "शब्द किती वेगाने सांगता?"

"चार सेकंदांना एक. नेहमीच."

"नेहमीच?" डॉक्टरांनी प्रथमच चष्मा काढला. "गुरुजी, असा कागद मला आजवर कुणी आणून दिला नव्हता. कुठे तीन शब्द गेलेत, कुठे चार. पाच कुठेच नाहीत. डागही सारे एवढेच. प्रत्येकावर तारीख. हे अपस्माराचे एक रूप आहे. यात मूल पडत नाही, तडफडत नाही, फक्त क्षणभर जागेवरून नाहीसे होते. बाकावरूनही ती अशीच नाहीशी होऊन उतरली असेल, किंवा तोल गेला असेल; ते आता सांगता यायचे नाही." त्यांनी पाने उलटी चाळली. "पहिला डाग जुलैचा. पडणे नोव्हेंबरातले. तेव्हा पडल्यामुळे हे झालेले नाही."

गुरुजींच्या छातीवरचे ओझे उतरले. आणि ते उतरताना झालेला आनंद ओळखून त्यांना स्वतःची जी किळस आली, तशी छडी मारताना कधी आली नव्हती. ज्या वह्या त्यांना निर्दोष ठरवत होत्या, त्याच वह्या सांगत होत्या की आजार आठ महिने रोज त्यांच्यापुढे मांडला जात होता, आणि ते त्यावर तांबड्या शाईने सही करीत होते.

"बुद्धी?" त्यांनी विचारले.

"वयाहून वरचढ. मात्र दुसरीही एक गोष्ट आहे. कुणी मोठ्याने बोलले की ती खांदे वर घेते. झोपेत दचकते. चित्रांतल्या गोष्टी सांगताना प्रत्येक गोष्टीत कुणीतरी न केलेल्या अपराधाची माफी मागते. पहिल्या आजाराला माझ्याकडे गोळ्या आहेत. हा दुसरा आजार मेंदूने केलेला नाही, आणि त्याला गोळी नाही." मग ते देवसिंगाकडे वळले. "गोळ्या चुकवायच्या नाहीत. तीन महिन्यांनी पुन्हा आणा. आणि पाण्याजवळ व विस्तवाजवळ तिला एकटी सोडायची नाही."

परतीच्या मोटारीत भुरी खिडकीशी झोपली होती. वडनेर मागे पडले. तेव्हा देवसिंग म्हणाला, "मी तुमाले काही म्हनत नाही, गुरुजी. म्हनाचं असतं तं तिथंच म्हनलो असतो. पन तिच्या याडीले मी नाही सांगनार. ते तुम्ही सांगा."

"सांगेन. तुम्ही म्हणाल तेव्हा."

देवसिंगाने त्यांच्याकडे जरा चमकून पाहिले. इतक्या वर्षांत गुरुजींनी त्याला 'तुम्ही' म्हटलेले हे पहिलेच.

धनीबाईने घरात ऐकून घेण्यास नकार दिला. "येडी हा शब्द साऱ्या तांड्यानं आयकला. मंग हेबी साऱ्या तांड्यानं आयकाव," ती म्हणाली, आणि तांड्याची पंचायत, जिला ते लोक नसाब म्हणतात, नायकाच्या दारापुढच्या निंबाखाली बसली. गुरुजी उभे राहिले. आयुष्यभर लांब वाक्यांवर प्रेम केलेल्या त्या माणसाने त्या दिवशी चारच वाक्ये सांगितली: मुलगी हुशार आहे, तिला मेंदूचा आजार आहे आणि तो औषधाने आटोक्यात येईल, मी तिला मारले आणि तिचे पडणे लपवले, आणि दाखल्यावर मी जे लिहिले ते खोटे आहे हे मला लिहितानाच माहीत होते.

हिरासिंग नायकाने दाढी कुरवाळली. "गुन्हा कबूल केला, तं दंड लागते. सांग धनी, काय घ्याचं? बोकड?"

"मले बोकड नको." धनीबाईचा आवाज निंबाच्या पलीकडे ऐकू जात होता. "पोर शाळेत जाईन. मधात नाला आहे, अन् डाक्टरनं सांगतलं, पान्याजवळ एकटी सोडाची नाही. मंग ह्या गुरुजीनं रोज सकाळी इथं याचं, पोरीले घेऊन जाचं, अन् संध्याकाळी आनून सोडाचं. येता-जाता तांडा पाहीन. ज्याच्या मागून पोर चालन, त्यानंच तिले येडी म्हनलं होतं, हे पोट्ट्याईले दिसलं पायजे."

"मागून नव्हे," गुरुजी म्हणाले. "ती पुढे चालेल. मला ती दिसत राहिली पाहिजे."

"छत्री आनजो, गुरुजी!" मागून म्हातारी मानीबाई ओरडली. "आमच्या नाल्याचा चिखल पुस्तकातला नाही!" तांडा हसला. धनीबाई हसली नाही.

त्या रात्री गुरुजींनी तपासनीस साहेबांना पत्र लिहून दाखल्यावरील शेरा खोटा असल्याचे आणि मागील निकाल त्या खोट्यावर उभा असल्याचे कळवले. पत्राचे तीन खर्डे झाले. पहिल्या दोहोंत कारणे होती.

जुलैत भुरी पुन्हा चौथीत बसली. सकाळी धोतर गुडघ्यापर्यंत खोचून गुरुजी नाला उतरत, आणि ती पुढे, दप्तर उजव्या खांद्याला, चालत असे. वाटेत ती फारसे बोलत नसे. गुरुजींनी हात पुढे केला की तिचे खांदे अजूनही वर जात. तो हात चिखलातून वर काढण्यासाठी आहे हे कळल्यावर हळूहळू खाली येत. गुरुजी रोज ते पाहत. पाहायचे नाही असे ठरवले असते तरी ते टळले नसते; दंडच तसा होता.

गोळ्यांनी गैरहजेरीचे क्षण कमी झाले, बंद झाले नाहीत. पहिल्या शुद्धलेखनाच्या दिवशी गुरुजी एक लांब वाक्य घेऊन निघाले, आणि मध्यावर त्यांना दिसले की भुरीचा टाक टेकला आहे. चिकटलेल्या दोन बोटांचा डावा हात वहीवर स्थिर होता. पापण्या लवत होत्या.

गुरुजी थांबले.

वर्गातल्या बत्तीस मुलांचे टाक अधांतरी राहिले. कुणीतरी खुदकन हसले, कुणी घड्याळाकडे पाहिले. विंचवाच्या वेळी वर्गात असलेल्या एका मोठ्या मुलाने, आता काय निघाले म्हणून, पाय वर घेतले. गुरुजींनी पुस्तकातल्या शब्दावर बोट ठेवले आणि ते मनात मोजू लागले. डाग हळूहळू पसरत होता. अकरा, बारा, तेरा.

भुरीने मान वर केली. सारा वर्ग थांबलेला पाहून तिचे खांदे वर गेले.

"गुरुजी," तिने भीत भीत विचारले, "थांबले काहून?"

"माझी ओळ चुकली," घनश्याम गुरुजी म्हणाले.

सारा वर्ग हसला. बावीस वर्षांत ज्याची ओळ चुकली नाही अशा माणसाला मुले जशी हसतील तशी, बाके वाजवत, मनसोक्त हसली. गुरुजींनी त्यांना थांबवले नाही. भुरी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. मग तीही हसली, आणि तिचे खांदे खाली आले.

तिच्या वहीतला शेवटचा शब्द त्यांनी वाकून पाहिला, आणि वाक्य तिथून पुढे सांगायला घेतले.